काहिलीचा हिशेब

पोरी, यंदाच्या हंगामात गुऱ्हाळ तू लावणार, हे दादाने फोनवर सांगितलं आणि त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. आपल्या चुलवाणाजवळ आबा बसले, मग दादा बसला. मी मात्र लवकरच साखर कारखान्याच्या बॉइलिंग हाउसात गेलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. उसाचा रस आटवणं हे दोन्हीकडचं काम एकच. तू परवा विचारलंस, "काका, एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, चिपाड किती लागतं?" आबांना विचारलं असतंस तर त्यांनी ढिगाकडे बोट करून "एवढं" म्हटलं असतं, आणि ते बरोबर निघालं असतं. तुझ्या डोळ्यांना तो अंदाज यायला पाच-सहा हंगाम जातील. तोवर हाताशी हिशेब असावा, म्हणून लिहायला बसलो.

आबा चुलवाण्याला एक वाक्य रोज ऐकवायचे: "रस तापवायचा नसतो रे, आटवायचा असतो." मला ते लहानपणी नुसतं दटावणं वाटायचं. त्याचा अर्थ मला एका रात्रीत कळला, आणि त्याची किंमत एक अख्खं आदण होती.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो. आबा लग्नकार्यासाठी परगावी गेलेले. अवकाळी पाऊस झाला आणि मळणीच्या खळ्यावर वाळत घातलेलं सगळं चिपाड भिजलं. हजार किलो रस घाण्यातून निघून काहिलीत पडलेला. लाकूड विकत आणायचं ठरलं, आणि किती आणायचं ते मी कागदावर काढलं. एक किलो रस एक अंशाने तापवायला साधारण ३.७ किलोज्यूल लागतात. हजार किलो रस २८ अंशांवरून १०० वर न्यायचा, म्हणजे ७२ अंश. गुणाकार झाला २,६६,४०० किलोज्यूल. लाकडाच्या एका किलोत १५,०००, त्यातला पाचवा भाग जरी रसाला मिळाला तरी ३,०००. म्हणजे ८९ किलो लाकूड पुरे. मी शहाणपणाने दुपटीहून जास्त, दोन क्विंटल आणवलं.

रस झकास उकळला. मळी वर आली, गुळव्याने काढली. रात्री दहाच्या सुमारास लाकूड संपलं तेव्हा काहिलीत रस नुसता खळखळत होता, पाण्यासारखा पातळ. आसपास कुठे जळण मिळेना. पहाटेपर्यंत चुलवाण गार झालं, सकाळी रसाला आंबूस वास सुटला. पुढे तो कसाबसा आटवला, पण गूळ बसलाच नाही, वाफ्यात चिकट राहिला. आबा परत आले, त्यांनी बोट बुडवून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला आजही आठवतं.

गंमत नव्हे, दुःख हे की परीक्षेत मी 'बाष्पनाचा अप्रकट उष्मा' यावर पूर्ण गुण मिळवले होते. पाचशे चाळीस हा आकडा पाठ होता. चुलवाणापुढे तो आठवला नाही, कारण पुस्तकातलं पाणी आणि काहिलीतलं पाणी एकच आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तुझ्या बाबतीत ते होऊ नये.

म्हणून चुलवाण पेटवण्याआधी घरात एक काम कर. इंडक्शनच्या शेगडीवर पातेल्यात एक लिटर पाणी ठेव. उकळी फुटायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेव आणि त्या क्षणी पातेल्यासकट वजन कर. पुन्हा शेगडीवर ठेव, आच तीच, आणि जेवढी मिनिटं उकळायला लागली तेवढीच आणखी जाऊ दे. परत वजन कर. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी गेलेलं दिसेल, कदाचित थोडं कमीच. ज्या उष्णतेने अख्खं लिटर गार पाण्यापासून उकळीपर्यंत आलं, तेवढ्याच उष्णतेने आता त्याचा आठवा हिस्सा फक्त उडाला. आणि या दुसऱ्या वेळेत पाण्यात थर्मामीटर ठेवलास तर तो जागचा हललेला नसेल. उष्णता जाते आहे, पण अंश दाखवत नाहीत, म्हणूनच तिला 'अप्रकट' म्हणतात. फार नेमका शब्द आहे तो.

असाच प्रयोग ग्लासगोत शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ मध्ये केला. थोडं पाणी टिनाच्या भांड्यात तापत्या लोखंडी पत्र्यावर ठेवलं. ५० अंश फॅरनहाइटपासून उकळायला चार मिनिटं लागली आणि ते सगळं उडून जायला पुढे वीस मिनिटं. एवढ्या साध्या सामानावर त्यांनी उत्तर काढलं, ते आजच्या मापात साधारण ४५० कॅलरी प्रति ग्रॅम होतं. खरा आकडा ५४०. घड्याळ आणि भांडं एवढ्यावर इतकं जवळ जाता येतं, हे मला अजून थक्क करतं.

आता आपलं आदण. कागद घे.

आधी पाणी शोध, उष्णता नंतर. रस हजार किलो, ब्रिक्स २०. म्हणजे रसात शंभरात वीस भाग घन, एकूण २०० किलो. तयार गुळात साधारण पाच टक्के ओल राहते, तेव्हा गूळ २०० भागिले ०.९५, म्हणजे २१० किलो. तीस किलोचे सात रवे. मळीत जातं ते मी सध्या सोडलं आहे. हजारातून २१० वजा केले की उरले ७९०. हे ७९० किलो पाणी तुला आभाळात पाठवायचं आहे. सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे, म्हणून तो वहीत मोठ्या अक्षरात लिही.

मग तीन तुकडे. पहिला, रस उकळीला आणणं: १,००० गुणिले ३.७ गुणिले ७२, म्हणजे २,६६,४०० किलोज्यूल. हा माझा त्या रात्रीचा आकडा. दुसरा, पाणी उडवणं: एक किलो पाण्याला २,२५७ किलोज्यूल, म्हणून ७९० गुणिले २,२५७, सुमारे १७,८३,०००. तिसरा, पाणी गेल्यावर गूळ १०० वरून ११८ अंशांपर्यंत चढवणं: आठ हजारांच्या आत, विसरलीस तरी चालेल. बेरीज साधारण २०,५७,०००. शंभरातले तेरा रस तापवण्यात गेले आणि सत्त्याऐंशी आटवण्यात. मी सत्त्याऐंशी सोडून तेराचं लाकूड आणलं होतं.

एक सांभाळ. कुठे किलोकॅलरी लिहिलेली असते, कुठे किलोज्यूल. ५४० आणि २,२५७ हे एकाच गोष्टीचे दोन आकडे आहेत, ४.१८ ने गुणलं की एकातून दुसरा मिळतो. एका कागदावर एकच माप वापर. कारखान्यात चांगल्या शिकलेल्या पोरांचे घोळ मी इथेच झालेले पाहिले.

आता तुझा मूळ प्रश्न, चिपाड. चांगलं उन्हात वाळलेलं, दहा टक्के ओलीचं चिपाड किलोला सुमारे १५,५०० किलोज्यूल देतं. सगळी उष्णता रसाला मिळाली असती तर १३३ किलोत आदण उतरलं असतं. पण बरीचशी धुराड्यातून जाते, काही चुलवाणाच्या भिंती पितात, काही चिपाड न जळताच राखेत पडतं. आता उलट बाजूने बघ. हजार किलो रस निघायला आपल्या घाण्यावर साधारण १,८०० किलो ऊस लागतो. उरलं ८०० किलो ओलं चिपाड, त्यात निम्मं पाणी. वाळवून ते साडेचारशे किलोच्या आत-बाहेर येतं. त्यात उष्णता ६९ लाख किलोज्यूलच्या आसपास. हवी आहे साडेवीस लाख. म्हणजे जळणातल्या शंभर भागांपैकी निदान तीस काहिलीला पोचले, तरच ऊस स्वतःच्या चिपाडावर स्वतःचा गूळ करतो. तिसाच्या खाली गेलीस की जळण विकत घ्यावं लागेल. काही गुऱ्हाळांवर मग टायर जाळतात. आपल्या चुलवाणात तसलं काही कधी जाता कामा नये. तो धूर आधी चुलवाण्याच्या छातीत जातो, मग गुळावर बसतो.

तुझं चुलवाण तिसाच्या वर आहे की खाली, हे कुणाला विचारू नकोस. चिपाडाचे भारे वजनकाट्यावर घालून मोज, गुळाचे रवे मोज. गुळाच्या एका किलोला चिपाड २.१ किलोच्या वर जात असेल तर चुलवाणात काहीतरी दुरुस्त करायचं आहे. बहुतेक वेळा जाळी राखेने भरलेली असते, नाहीतर काहिलीच्या काठाखाली माती सुटून ज्वाळा बाहेर डोकावत असते. ज्वाळा दिसली की समजायचं, आपले पैसे दिसताहेत.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. उष्णता वाचवायची तर आगीकडे नंतर बघ, आधी काहिलीत जाणाऱ्या पाण्याकडे बघ. घाणा धुताना वीस लिटरची एक बादली रसाच्या हौदात उलटली, असं समज. ते वीस किलो पाणी तापवायला आणि उडवायला मिळून ५१,००० किलोज्यूल. तीस टक्क्यांच्या चुलवाणावर त्याला अकरा किलो वाळलेलं चिपाड. एका बादलीला अकरा किलो! घाण्यावरच्या माणसाला रागावू नकोस, हा आकडा त्याला समोर बसवून सांग. त्याला कळेल, त्याने आयुष्यभर भारे वाहिले आहेत. रस निवळायला भेंडीचं पाणी घालतेस, तेही पाणीच. भेंडीची झाडं ठेचून कमी पाण्यात दाट चिकट काढ. चुन्याची निवळी घालशील तीही मोजून.

उसाचंही तेच. तोडणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं, हे आबा कटाक्षाने पाळत. शेजारचे म्हणायचे की वजन घटतं. घटतं खरं, पण घटतं ते पाणी. समजा ब्रिक्स २० च्या जागी १८ निघाला. तेवढ्याच २१० किलो गुळासाठी आता रस लागेल १,१११ किलो, आणि उडवायचं पाणी ७९० वरून ९०१ वर गेलं. वरचे एकशे अकरा किलो पाणी तापवायला नि उडवायला मिळून दोन लाख ऐंशी हजार किलोज्यूल, म्हणजे साठ किलो चिपाड, एका आदणामागे. दिवसाला चार आदणं निघत असतील तर गुणाकार तूच कर. म्हणून ब्रिक्स मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर घे. दोन थेंब रस, उजेडाकडे धरायचं, आकडा वाचायचा. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन एकदा वापरायला शिकून ये.

ओल्या चिपाडाचा हिशेब याच सुताने जातो. शंभर किलो ओलं चिपाड तसंच चुलवाणात घातलं तर त्यातून सुमारे ७,६०,००० किलोज्यूल मिळतात. तेच वाळवून ५५.५ किलोवर आणलं तर ८,६०,०००. मधले एक लाख कुठे गेले? ओल्या चिपाडातलं ४४.५ किलो पाणी उडवायला. ४४.५ गुणिले २,२५७ करून बघ, आकडा जवळजवळ जुळतो. तेच पाणी खळ्यावर ऊन फुकट उडवतं. शिवाय ओल्या जळणाची ज्वाळा लांबट, पिवळी, थंड. काहिलीचं बूड तिला नीट घेतच नाही. खळ्यावर चिपाड पातळ पसर, दुपारी एकदा उलट, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून ताडपत्री टाक. माझ्या त्या रात्रीला ताडपत्री नव्हती.

आणखी एक सल्ला तुला बरेच जण देतील: धुराड्याच्या वाटेवर दुसरी काहील बसव, रस आधीच गरम होईल. बसव, माझी ना नाही. पण किती वाचेल ते आधी काढ. रस ७० अंशांपर्यंत फुकट तापला तर १,५५,००० किलोज्यूल वाचले, म्हणजे एकूण हिशेबातले साडेसात टक्के. अगदी उकळीपर्यंत आला तरी तेराच्या पुढे जाता येत नाही, कारण तापवण्याचा वाटाच तेवढा. त्या दुसऱ्या काहिलीत रस प्रत्यक्ष आटायला लागला, तिथून पाणी उडायला लागलं, तरच मोठी बचत. विकणारा हा फरक सांगत नाही.

कारखान्यात हीच युक्ती पूर्णत्वाला गेलेली आहे. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ वाया घालवायची नाही, तीच दुसऱ्या भांड्याला उष्णता म्हणून द्यायची. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी अंशांवर उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. एका किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडतं. मी उभी हयात त्या भांड्यांच्या काचेला डोळा लावून काढली. लोकांना वाटतं की निर्वातात साठ अंशांवर उकळतं म्हणून उष्णता कमी लागते. तसं नाही. साठ अंशांवर एक किलो पाणी उडवायला २,३५८ किलोज्यूल लागतात, शंभर अंशांपेक्षा जास्तच. निर्वाताने साखर करपत नाही आणि तीच वाफ पुन्हा वापरता येते, कमाई तिथे आहे. तुझ्या माठाचं बघ, तीस अंशांवर झिरपून उडणाऱ्या प्रत्येक किलो पाण्याला २,४३० लागतात, आणि ते माठ आतल्या पाण्याकडून वसूल करतो. म्हणून पाणी गार. उघड्या काहिलीची वाफ मात्र पुन्हा वापरता येत नाही, ती आढ्यातून निघून जाते. आपल्याला पाणी एकदाच उडवता येतं, तेव्हा तेवढंच काळजीने उडवायचं.

वेळेचाही हिशेब असतो. ७९० किलो पाणी अडीच तासांत उडवायचं तर काहिलीला सेकंदाला जवळजवळ २०० किलोज्यूल मिळायला हवेत. दीड हजार वॉटचे एकशे तीस गिझर एकदम लावल्यासारखं आहे हे. म्हणून चुलवाण्याने मूठ-मूठ सतत टाकत राहायचं. एकदम भारा कोंबला की धूर होतो, मग आच बसते, मग रस थंडावतो, आणि जितका वेळ रस काहिलीत जास्त राहील तितका रंग काळपट होतो.

थर्मामीटरचं काम शेवटी आहे. उकळी आल्यापासून दीड-दोन तास तो जवळपास एकाच जागी असेल, घाबरू नकोस. रस दाट व्हायला लागला की तो चढू लागतो. काकवी करायची असेल तर १०५-१०६ अंशांवर उतरव. गुळाला ११८ च्या आसपास. शेवटचे अंश झरझर चढतात, कारण पाणी संपत आलेलं असतं आणि उष्णतेला आता अंश वाढवण्याशिवाय काम उरत नाही. तेव्हा आच आधीच ओढून घे. पण थर्मामीटरवर विसंबण्याआधी त्याला साध्या पाण्यात उकळून बघ. आपल्याकडे उंचीमुळे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ वर. तुझा थर्मामीटर काय दाखवतो तो आकडा काहिलीजवळच्या खांबावर खडूने लिही आणि तिथून वर मोज. आणि गुळव्याची परीक्षा सोडू नकोस. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी वळायची आणि ती भांड्यावर मारायची. टण् आवाज आला की काहील उतरवायची. आबा आवाज ऐकताना डोळे मिटायचे.

वाफेपासून जप. उकळतं पाणी अंगावर पडलं तर एक ग्रॅम पाणी गार होताना जेवढी उष्णता देतं, त्याच्या नऊ-दहा पट उष्णता एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना देते. उडवताना जे २,२५७ घातले ते सगळे ती परत करते. आबांच्या उजव्या मनगटावरचा पांढरट डाग तू पाहिला आहेस. तो पाकाचा नव्हे, वाफेचा. मळी काढताना वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालायचा, आणि काहिलीवर वाकायचं नाही. गड्यांनाही हे सांग, रोज सांग.

पहिलं आदण उतरलं की मला चार आकडे हवेत: रस किती किलो, ब्रिक्स किती, चिपाड किती जळलं, उकळीपासून उतरवेपर्यंत किती वेळ लागला. गूळ कसा झाला ते नंतर सांग. संध्याकाळी सातनंतर फोन कर, मी वही उघडून बसलेला असेन.